खलनायकाला भूतकाळ मिळतो तेव्हा

एम.ए.च्या वर्गात ‘मृत्युंजय’ शिकवताना एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. कर्णावर जन्मापासून अन्याय झाला हे मान्य. पण भर सभेत द्रौपदीची विटंबना झाली तेव्हा तो कोणाच्या बाजूने बोलत होता? या प्रश्नाचे उत्तर आम्ही आजवर बरेचसे टाळत आलो आहोत. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने मात्र हाच प्रश्न अगदी अनपेक्षित वाटेने आमच्यापुढे आणला. त्याने हातात ठेवलेले पुस्तक एक इंग्रजी कॉमिक होते. कॉमिक म्हटले की आमच्या पिढीच्या भुवया जराशा उंचावतात, तशा त्या उंचावल्याही. पुस्तक वाचून झाल्यावर मात्र ते परत करायला आम्हांला तीन आठवडे लागले.

पुस्तकाचे नाव ‘मॅग्नेटो : टेस्टामेंट’. लेखक ग्रेग पाक, चित्रकार कार्मिने दी जानदोमेनिको. अमेरिकेच्या मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने २००८-०९ मध्ये ते पाच अंकांत प्रसिद्ध केले आणि नंतर ते पुस्तकरूपात आले. ‘एक्स-मेन’ या मालिकेतल्या मॅग्नेटो नावाच्या खलनायकाचे बालपण हा त्याचा विषय आहे. लोखंडाला आपल्या इच्छेप्रमाणे वाकवणारा, माणसांविरुद्ध युद्ध पुकारणारा हा खलनायक लहानपणी कोण होता, या प्रश्नाचे उत्तर पुस्तक देते: तो जर्मनीतला एक ज्यू मुलगा होता आणि आउश्वित्झमधून जिवंत बाहेर आला होता.

हे उत्तर मूळचे नाही आणि या लेखाचे कारणही तेच आहे. खलनायकाला हा भूतकाळ कधी मिळाला आणि तो मिळायला इतका काळ का लागला, हा आमच्या मते वाङ्मयेतिहासाचाच प्रश्न आहे.

‘एक्स-मेन’चा पहिला अंक सप्टेंबर १९६३ चा. तो स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी रचला. स्टॅन्ली लीबर आणि जेकब कर्ट्झबर्ग ही त्यांची मूळ नावे. दोघेही युरोपातून न्यूयॉर्कला आलेल्या ज्यू कुटुंबांतले. याच कर्बींनी जो सायमन यांच्यासह ‘कॅप्टन अमेरिका’ निर्माण केला होता. मार्च १९४१ ची तारीख असलेल्या त्याच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावताना दिसतो. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. पुढे कर्बी स्वतः सैनिक म्हणून युरोपात लढले. असे असूनही १९६३ मध्ये या दोघांनी निर्माण केलेल्या मॅग्नेटोला घर नाही, आईबाप नाहीत, भूतकाळ नाही. तो दुष्ट आहे, कारण कथेला दुष्ट हवा आहे. पुढच्या वर्षी त्याने साथीदारांची टोळी जमवली, तेव्हा तिच्या नावातच ‘दुष्ट’ हा शब्द होता. स्वतःला दुष्ट म्हणवून घेणारी संघटना जगात कोण काढील? परंतु त्या काळच्या कॉमिकला हा प्रश्न पडत नसे.

त्या मौनाची कारणे एका वाक्यात सांगता येणार नाहीत. १९५४ पासून अमेरिकन कॉमिक्सवर उद्योगानेच लादून घेतलेली एक आचारसंहिता होती आणि मुलांच्या हाती पडणाऱ्या कथांत भीषणतेला फारसा थारा नव्हता. शिवाय खुद्द अमेरिकन समाजात या नरसंहाराविषयी मोकळेपणाने बोलायला पुष्कळ वर्षे जावी लागली. तुरळक अपवाद होते. १९५५ मध्ये बर्नार्ड क्रिगस्टाइन यांनी चित्रित केलेली ‘मास्टर रेस’ ही आठ पानांची कथा त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा. भुयारी रेल्वेत एका माणसाला छळछावणीतला भूतकाळ गाठतो, असे तिचे कथानक. पण ती आडवाट होती. राजमार्गावर ठोसेबाज नायकच चालत राहिले.

मॅग्नेटोला भूतकाळ मिळाला तो १९८१ मध्ये, म्हणजे जन्मानंतर तब्बल अठरा वर्षांनी. १९७५ पासून मालिका लिहिणारे ख्रिस क्लेअरमाँट यांनी १५० व्या अंकात तो दिला. प्रसंग लक्षात घेण्यासारखा आहे. जगाला धाक घालणारा मॅग्नेटो लढाईच्या भरात आपल्यावर चालून आलेल्या किटी प्राइड नावाच्या मुलीवर घाव घालतो. ती जेमतेम तेरा-चौदा वर्षांची आहे आणि ज्यू आहे. ती मेली असे वाटताच त्याचे हात थबकतात आणि आपले स्वतःचे बालपण, आउश्वित्झ, तिथल्या वायुकोठड्या त्याला आठवतात. येथे भूतकाळ सबब म्हणून येत नाही, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. ज्या क्षणी तो स्वतः एका मुलाचा मारेकरी ठरतो त्या क्षणी तो येतो; त्याचा निवाडा करण्यासाठी येतो. आपल्यावर काय गुदरले हे सांगून तो सुटका मागत नाही. आपण कोणासारखे झालो हे त्याला दिसते.

त्यानंतरच्या दोन दशकांत या भूतकाळाची बरीच ओढाताण झाली. कोणी त्याला एरिक लेनशर हे नाव दिले, तर कोणी तो ज्यू नसून रोमा असल्याचे सुचवले. २००० मध्ये आलेल्या चित्रपटाने मात्र सुरुवातच छावणीच्या फाटकापासून केली. पावसात आईबापांपासून तोडलेला मुलगा हात पुढे करतो आणि फाटकाचे लोखंड वाकते. दृश्य विलक्षण परिणामकारक आहे, यात शंका नाही. पण त्याच्या पोटात एक मोह दडलेला आहे. आउश्वित्झचे लोखंड वाकवणारी एखादी शक्ती असू शकली असती, असा हा मोह. १९४१ च्या ठोशाचेच ते नवे रूप.

पाक यांच्या पुस्तकाचे मोठेपण या मोहाला दिलेल्या नकारात आहे.

कथा न्यूरेंबर्गमध्ये सुरू होते. मुलाचे नाव मॅक्स आयझेनहार्ट. वडील याकोब पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढलेले आहेत. देशासाठी रक्त सांडलेल्या माणसाला देश हात लावणार नाही, हा त्यांचा भाबडा विश्वास. मॅक्स शाळेतल्या भालाफेकीत जिंकतो आणि जिंकला म्हणूनच लबाड ठरतो. मग ओळीने खरा इतिहास येतो: सप्टेंबर १९३५ चे न्यूरेंबर्गचे कायदे, नोव्हेंबर १९३८ मधली ज्यूंच्या दुकानांची आणि सिनेगॉगची जाळपोळ, पोलंडला पलायन, वॉर्साचा घेट्टो. नोव्हेंबर १९४० मध्ये भिंतीआड बंद केलेल्या या घेट्टोत चार लाखांहून अधिक माणसे कोंबलेली होती. पुढे मॅक्सच्या डोळ्यांदेखत त्याच्या कुटुंबाला गोळ्या घातल्या जातात. तो वाचतो. हा योगायोग की सुप्त शक्ती, हे पुस्तक ठामपणे सांगत नाही. ‘मॅग्नेटो’ हे नाव मुखपृष्ठावर आहे. कथेत ते कोणीही उच्चारत नाही. लोखंड वाकत नाही, फाटक उघडत नाही. मुलाला शक्ती असलीच, तरी आउश्वित्झपुढे ती नसल्यासारखी आहे.

छावणीत मॅक्स झोन्डरकोमांडोत ढकलला जातो. वायुकोठडीतून प्रेते बाहेर काढणे, त्यांचे सोन्याचे दात उपटणे, ती भट्टीपर्यंत वाहून नेणे ही कामे ज्या कैद्यांवर मरणाच्या धाकाने लादली होती, त्यांचा हा गट. आउश्वित्झमध्ये सुमारे ११ लाख माणसे मारली गेली आणि त्यांतले सुमारे १० लाख ज्यू होते, हा आकडा आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या आकड्यातले एकेक शरीर ज्यांनी उचलले, त्यांना काय म्हणावे? बळी म्हणावे की साथीदार? स्वतः आउश्वित्झमधून वाचलेले इटालियन लेखक प्रीमो लेव्ही यांनी १९८६ च्या आपल्या पुस्तकात या माणसांविषयी लिहिताना न्यायनिवाडा थांबवण्याची विनंती केली आहे. आमच्या मते खलनायकाचे बालपण नेमके याच जागी नेऊन ठेवण्यात पाक यांची खरी समज दिसते. काळे आणि पांढरे यांच्या सरळ वाटणीवर उभ्या असलेल्या वाङ्मयप्रकारात त्यांनी ही वाटणीच जिथे लागू पडत नाही ती जागा निवडली.

पुस्तकाचा दुसरा धागा मॅग्डा या रोमा मुलीचा आहे. मॅक्सचे तिच्यावर शाळेपासून प्रेम आहे आणि पुढे ती त्याला बिर्केनाऊच्या रोमा छावणीत दिसते. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ही छावणी रिकामी करण्यात आली. उरलेल्या चार हजारांवर माणसांना, त्यांत बहुतांश स्त्रिया, मुले आणि वृद्ध, वायुकोठडीत नेले गेले. या संहाराला नरसंहार म्हणून अधिकृत मान्यता द्यायला पश्चिम जर्मनीला १९८२ साल उजाडावे लागले. म्हणजे कॉमिकमधल्या एका खलनायकाला भूतकाळ मिळाला त्याच सुमारास एका संपूर्ण समाजालाही आपला भूतकाळ सरकारदरबारी मिळत होता. हा निव्वळ योगायोग आहे. पण दुःखाची नोंद होण्यासही वशिला लागतो, हे त्यातून ध्यानात येते.

याच संदर्भात पुस्तकाला जोडलेली एक छोटी सत्यकथा वाचण्यासारखी आहे. दीना बॅबिट या झेक ज्यू चित्रकर्तीने छावणीतल्या मुलांसाठी बराकीच्या भिंतीवर हिमगौरी रंगवली होती. पुढे डॉक्टर मेंगेलेने तिच्याकडून रोमा कैद्यांची चित्रे काढून घेतली आणि त्या कामामुळे ती आणि तिची आई वाचली. त्यांपैकी सात जलरंगचित्रे नंतर आउश्वित्झच्या संग्रहालयाकडे आली. दीनाबाईंनी ती परत मागितली. संग्रहालयाने ती पुरावा म्हणून जपणे आवश्यक असल्याचे सांगून नकार दिला. २००९ मध्ये चित्रे न मिळताच त्या गेल्या. साक्ष कोणाची? जिने ती दिली तिची, की जगाची? दोन्ही बाजूंना तथ्य आहे, म्हणूनच हा प्रश्न आजही बोचतो.

साक्ष हाच पुस्तकाच्या शीर्षकातला शब्द. झोन्डरकोमांडोतल्या काही कैद्यांनी खरोखरच आपली निवेदने लिहून राखेच्या मातीत पुरली होती. झाल्मन ग्राडोव्स्की यांचे लिखाण मुक्तीनंतर, मार्च १९४५ मध्ये सापडले. ते स्वतः ७ ऑक्टोबर १९४४ च्या बंडात मारले गेले होते. त्या दिवशी कैद्यांनी एका दाहभट्टीची इमारत पेटवली आणि सुमारे ४५० जणांनी प्राण गमावले. त्यांना बंदुकीची दारू चोरून पुरवणाऱ्या चार तरुणींना ६ जानेवारी १९४५ रोजी फाशी देण्यात आले. लाल सैन्य तिथे पोहोचायला तेव्हा तीन आठवडे उरले होते. पाक यांचा मॅक्सही असेच एक पत्र लिहून पुरतो आणि पुस्तक त्या पत्रावरच संपते. जे घडले ते सर्वांना सांगा, पुन्हा घडू देऊ नका, असे त्याचे मागणे आहे.

आता येथे थोडे थांबले पाहिजे. ‘पुन्हा घडू देऊ नका’ या वाक्याला दोन अर्थ आहेत. कोणाच्याही बाबतीत घडू देऊ नका, हा एक. आमच्या बाबतीत घडू देऊ नका, मग त्यासाठी इतरांचे काहीही होवो, हा दुसरा. हे पत्र लिहिणाऱ्या मुलाच्या मनात कोणता अर्थ आहे हे पुस्तक सांगत नाही. पुढे मॅग्नेटो होणारा माणूस दुसरा अर्थ निवडतो, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. त्या पत्रातून ही निवड अपरिहार्यपणे निघत नाही. त्याच छावणीतून लेव्ही बाहेर आले आणि त्यांनी सूडाऐवजी नेमके, संयत गद्य लिहिले. जखम माणसाला दुभंगावर आणून सोडते. पुढची वाट त्याने चाललेली असते आणि तिचा हिशेब त्यालाच द्यावा लागतो.

कर्णाविषयीच्या त्या प्रश्नाला आम्ही आता टाळत नाही. अन्यायाची कथा पूर्ण सांगावी, तिच्यातला एकही तपशील कमी करू नये आणि मग सभेत काय घडले हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे, असे आम्ही वर्गात म्हणतो. ज्यांनी आपल्या समाजाच्या जखमा उगाळत दुसऱ्याच्या दारात जाळपोळ केली, अशी माणसे आपल्यालाही अपरिचित नाहीत. त्यांच्या जखमाही पुष्कळदा खऱ्या असतात. तो विद्यार्थी पुस्तक परत न्यायला आला तेव्हा त्याने विचारले, ‘‘मग सर, मॅग्नेटो वाईट की चांगला?’’ आम्ही त्याला पुस्तकाचे शेवटचे पान उघडून दिले आणि ते पत्र वर्गात मोठ्याने वाचायला सांगितले. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, हे पत्र त्याने स्वतःच पुन्हा वाचायला हवे होते.

आम्हांला यापेक्षा चांगली समीक्षा सुचलेली नाही.