ठासणीची बंदूक आणि गोळीचे माप

आपल्या हिंगोलीत एके काळी लष्करी छावणी होती, ही गोष्ट जुन्या मंडळींच्या बोलण्यात अजून येते. निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणारी ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची जी फौज होती, तिच्या ठाण्यांपैकी हिंगोली हे एक ठाणे होय. १९०३ साली ही फौज हिंदी सैन्यात मिळवली गेली आणि छावणीचे ते पर्व संपले. छावणीचा इतिहास म्हटला म्हणजे तह, सेनापती आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. मी आज निराळ्या वाटेने जाणार आहे. माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. जे काही वाचले ते दिवसाचे काम आटोपल्यावर, कंदिलाच्या नाहीतर स्टेशनातल्या दिव्याच्या उजेडात. त्यामुळे कोणतेही हत्यार वा अवजार पुढे आले की, ‘ज्याने हे चालवायचे त्याला कोणी विचारले होते काय?’ हाच प्रश्न माझ्या मनात पहिला उभा राहतो. तोच प्रश्न आज शिपायाच्या बंदुकीला विचारू.

ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून भरायची बंदूक. आधी दारू ओतायची, मग गोळी सोडायची आणि गजाने ती दारूवर पक्की बसवायची. सांगायला सोपे, पण सारी मेख गोळीच्या जाडीत आहे. गोळी नळीपेक्षा बारीक असली तर सहज उतरते. परंतु बार झाला की दारूचा जोर बाजूच्या फटीतून निसटतो आणि गोळी नळीत आपटत, लटपटत बाहेर पडते. गोळी नळीच्या अगदी मापाची असली तर नेम चांगला लागतो. परंतु ती खाली दाबताना शिपायाचा दम निघतो. त्यात काळ्या दारूचा गुण निराळाच. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपाने मागे उरतो. त्यातला काही धुराबरोबर उडून जातो. बाकीचा कीट होऊन नळीला आतून धरतो. पहिली गोळी सुखाने उतरली म्हणून विसावी उतरेलच असे नाही. तेव्हा गोळीची पारख करायची ती स्वच्छ नळीत नव्हे, मळलेल्या नळीत.

कंपनी सरकारच्या पलटणींतली जुनी बंदूक घ्या. तिची नळी ०.७५ इंचाची आणि गोळी सुमारे ०.६९ इंचाची. म्हणजे दीड मिलिमीटरची मोकळीक. भरायला ती सोपी होती. कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. पण शंभर यार्डांपलीकडे तिच्या नेमाचा भरवसा नसे. याउलट रायफल म्हणजे आतून पिळाचे आटे कापलेली नळी. गोळी त्या आट्यांत घट्ट धरली गेली तरच तिला फिरकी मिळते आणि ती सरळ जाते. १८०० साली इंग्रजांनी घेतलेल्या बेकर रायफलीत गोळी वंगण लावलेल्या चिंधीत वा कातड्यात गुंडाळून ठासावी लागे. सुरुवातीला तर शिपायांना त्यासाठी लाकडी मोगरीसुद्धा दिली होती. लढाईच्या ऐन गर्दीत मोगरीने गोळी ठोकणारा शिपाई डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अडचण कळेल.

तेव्हा कोडे असे होते : उतरताना सैल आणि सुटताना घट्ट, अशी गोळी मिळावी कशी? याचे उत्तर शोधताना एक धागा आपल्या देशात येतो. इंग्रजी पलटणीतील कॅप्टन नॉर्टन याने दक्षिण हिंदुस्थानात शिकाऱ्यांची फुंकनळी पाहिली. तिच्या बाणाच्या बुडाशी कमळाचा मऊ, लवचिक गाभा लावलेला असे. फुंकर बसली की तो गाभा फुगे, नळीच्या अंगाला चिकटे आणि हवा वाया जात नसे. त्यावरून नॉर्टनने १८२३ च्या सुमारास बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी तयार केली, असे सांगतात. दारूच्या जोराने बूड फाकावे आणि आटे धरावे, ही त्यातली युक्ती. सरकारने ती घेतली नाही.

फ्रान्समध्ये दुसरी खटपट चालू होती. पाँचारा नावाच्या अधिकाऱ्याने गोळीच्या खाली लाकडाची बैठक घातली. तिला ते ‘साबो’ म्हणत. साबो म्हणजे फ्रेंच गोरगरिबांची लाकडी पादत्राणे. तोफेच्या गोळ्यालाही अशी लाकडी बैठक पत्र्याच्या पट्ट्यांनी बांधीत. आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांना हा शब्द दुसऱ्या नात्याने ओळखीचा आहे. ‘साबोटाज’ तो यातूनच निघाला. कामगारांनी यंत्रांत जोडे फेकले, ही त्याची गोष्ट मात्र रंगवलेली आहे. तिला भरवशाचा पुरावा नाही. असो. साबोचे काम एकच : गोळी आणि नळी यांच्यामधली फट आपण भरून काढायची आणि गोळीला मोकळे करायचे.

पुढे १८४९ मध्ये मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याची पोकळ बुडाची गोळी यशस्वी ठरली. इंग्रज सरकारने तिच्यासाठी त्याला २०,००० पौंड दिले. हीच कल्पना १८३६ मध्ये मांडणारा ग्रीनर नावाचा बंदूककार होता. त्याला १८५७ मध्ये १,००० पौंड मिळाले. फुंकनळीवाल्या शिकाऱ्याचे नाव या हिशेबात कोठे नाही.

याच तत्त्वावर १८५३ ची एनफील्ड रायफल निघाली. तिची नळी ०.५७७ इंच आणि गोळी ०.५६८ इंच. मोकळीक अवघी नऊ सहस्रांश इंचांची, पाव मिलिमीटरहूनही कमी. गोळीचे वजन जवळजवळ तीन तोळे. गोळी व दारू एकाच कागदी काडतुसात असत. एक टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून वंगण लावलेल्या कागदासकट गोळी ठासायची. हा कागदच येथे साबोचे काम करी. आणि एवढ्या थोड्या मोकळिकीत गोळी उतरायची तर वंगण हवेच.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. १८५३ साली ही काडतुसे हिंदुस्थानात आणून त्यांची परीक्षा घेतली गेली. परीक्षा कशाची? येथल्या उन्हात वंगण टिकते की नाही याची. काडतूस तोंडात धरणाऱ्या माणसाला ते चालेल काय, हे आधी पाहावे, असा लेखी इशारा कर्नल टकर या इंग्रज अधिकाऱ्यानेच दिला होता. तो कागद दप्तरात राहिला. १८५७ च्या जानेवारीत दमदम येथे एका खलाशाने शिपायाला सुनावले की, तुझ्या काडतुसाला कसली चरबी आहे ते पाहा. वंगणात काय पडते ही गोष्ट शिपायाला समजली ती कारखान्यातल्या मजुराकडून, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यानंतर सरकारने ‘तुमचे वंगण तुम्ही लावा’ अशी सवलत दिली, दातांऐवजी बोटांनी फाडण्याची मुभा दिली. पण तोवर विश्वास उडाला होता आणि संशय कागदापर्यंत पोचला होता. मीरतला २४ एप्रिल रोजी ८५ स्वारांनी जी काडतुसे नाकारली ती तर जुनीच, नव्या वंगणाची नव्हती. ९ मे रोजी त्यांच्या पायांत बेड्या पडल्या. १० मे रोजी काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. उठावाला इतर कारणे अनेक होती, हे मी नाकारीत नाही; पण ठिणगी पडली ती येथे.

आपल्या कंटिन्जंटमध्येही खळबळ माजली. जून १८५७ मध्ये औरंगाबादेच्या पहिल्या घोडदळात असंतोष उसळला. दिल्लीच्या बादशहाविरुद्ध आपल्याला नेतात, ही शंका त्याच्या मुळाशी होती. पुण्याहून आलेल्या फौजेने तो मोडला आणि काहींना देहदंड झाला. कंटिन्जंटचे पुष्कळ सैन्य पुढे सर ह्यू रोजबरोबर मध्य हिंदुस्थानात लढले.

२२ मे १८५८ रोजी यमुनेकाठी काल्पीजवळ गोलावलीस लढाई झाली. एका बाजूस रावसाहेब पेशवे, राणी लक्ष्मीबाई, बांद्याचा नवाब. दुसऱ्या बाजूस रोज. संख्येची उणीव आजवर एनफील्डने भरून काढली होती. परंतु या वेळी उष्णतेने व इतर कारणांनी काडतुसे बिघडून बंदुका भरणे कठीण झाले आणि मारा बेभरवशाचा झाला, असे रोजनेच आपल्या अहवालात कळविले आहे. शत्रू तोफांपर्यंत येऊन भिडला. उंटांवरची पलटण वेळेवर आली म्हणून इंग्रज तरले.

ही तक्रार मात्र ऐकली गेली. गोळी ०.५६८ वरून ०.५५ इंचांवर आणली; मोकळीक तिप्पट झाली. चरबीच्या मिश्रणाऐवजी निव्वळ मधमाशीचे मेण आले. मंडळी, येथे क्षणभर थांबावे. शिपायाच्या धर्माची तक्रार आणि लोखंडाची तक्रार, दोन्हींवर औषध एकच होते : मेण. लोखंड अडले तेव्हा माप बदलले. माणूस अडला तेव्हा बेड्या आल्या. आणि उठाव शमल्यावर हिंदी पलटणींसाठी जी १८५८ च्या नमुन्याची बंदूक काढली, तिच्या नळीतले आटेच नाहीसे केले, ०.६५६ इंचांची गुळगुळीत नळी. गोळी आता आरामात उतरत होती, कारण नेम लागूच नये असा बेत होता.

ठासणीच्या बंदुकीचे शौकीन परदेशात आजही आहेत. लाकडाऐवजी प्लॅस्टिकचा साबो, त्यात नळीपेक्षा बारीक गोळी, अशी जोडी ते निवडतात. त्यांची कसोटी जुनीच आहे : गोळी आपल्या वजनाने घसरू नये, ठोकावीही लागू नये, हाताच्या एकसारख्या दाबाने खाली बसावी, आणि चार-सहा बार झाल्यावरही तशीच बसावी. ही कसोटी कोणत्याही मोजपट्टीवर लिहिलेली नसते. ती भरणाऱ्याच्या मनगटाला कळते. म्हणून कारखाना असो की छावणी, माप ठरवताना ते मनगट ज्याचे आहे त्याला आधी विचारावे. नऊ सहस्रांश इंचांच्या फटीतून केवढा इतिहास घडला, तो आपण पाहिलाच आहे.