माहितीपूर्ण संमती (हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वीची)

हर्नियाच्या, म्हणजेच अंतर्गळाच्या, शस्त्रक्रियेला रुग्णाने फायदे, धोके आणि पर्याय समजून घेऊन दिलेला होकार. भारतात अशा संमतीची चौकट सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात आखून दिली. त्या प्रकरणात रुग्ण स्त्री भुलीखाली असताना तिच्या आईला विचारून तिचे गर्भाशय काढण्यात आले होते. सज्ञान रुग्ण थोड्या वेळाने शुद्धीवर येणार असेल आणि जिवाला धोका नसेल, तर नातेवाइकांचा होकार पुरत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. हर्नियातही हा प्रसंग येतो. दुर्बिणीने एका बाजूचे ऑपरेशन चालू असताना दुसऱ्या बाजूलाही हर्निया दिसतो. तिथेही जाळी बसवायची का, हे आधीच विचारून लिहून ठेवावे लागते.

रक्त किंवा पाणी साठणे, जखम चिघळणे, लघवी अडकणे, हर्निया पुन्हा होणे, हे धोके डॉक्टर सहसा सांगतात. सविस्तर बोलायला हवे ते रेंगाळणाऱ्या दुखण्याबद्दल. जांघेतील नसा टाक्यात, जाळीत किंवा व्रणात सापडल्या, तर जखम भरून कित्येक महिने उलटले तरी चालताना, जिना चढताना कळ येत राहते. २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत याचे प्रमाण १० ते १२ टक्के दिले आहे. कामधंदा अडावा इतका त्रास त्यांतल्या थोड्यांनाच होतो. अगदी विरळा धोके सांगण्याचे बंधन न्यायालयाने घातलेले नाही. पण दहातल्या एकाला होणारा त्रास विरळा म्हणता येत नाही. वृषणाचा रक्तपुरवठा बिघडून ते आक्रसण्याचा धोका कमी असतो, तरीही मूल हवे असलेल्या तरुणाला तो सांगायलाच हवा.

ऑपरेशन न करणे हाही पर्याय आहे आणि तो सांगितल्याशिवाय संमती पुरी होत नाही. फारसा त्रास नसलेल्या ७२० पुरुषांवर उत्तर अमेरिकेत झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वाट पाहणाऱ्यांमध्ये आतडे अडकून तातडीचा प्रसंग वर्षाला हजारी दोनहून कमी आढळला. मात्र दहा वर्षांत त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणांनी, बहुधा दुखू लागल्यामुळे, शस्त्रक्रिया करून घेतली. हे निष्कर्ष स्त्रियांना लागू होत नाहीत. त्यांच्यात आतडे अडकण्याची भीती अधिक असते.

हे सारे बोलणे ओपीडीतच, रुग्णाच्या भाषेत व्हावे; ऑपरेशनच्या दिवशी सकाळी फॉर्म पुढे करून घेतलेली सही त्याची जागा घेऊ शकत नाही. आतडे पिळून रक्तपुरवठा तुटला असेल, रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसेल आणि जवळ कोणीही नसेल, तर जीव वाचवण्यासाठी डॉक्टर संमतीवाचूनही शस्त्रक्रिया करू शकतात.