आपल्या नगरचे जोतीराव

आमच्या आजीच्या लेखी माणसं दोनच प्रकारची: नगरची आणि बाहेरची. सदाशिव अमरापूरकर अर्थातच पहिल्यातले. ‘अमरापूर म्हणजे आपल्या शेवगावकडचं,’ असं ती भाकरी थापताना कौतुकानं सांगायची.

मूळ नाव गणेशकुमार नरवोडे, जन्म 1950 चा, नगरचाच. शाळेपासून नाटकाचं वेड. पुणे विद्यापीठातून इतिहासात एम.ए. केलं, तरी जीव रंगभूमीवर. ‘हँड्स अप’ नाटक गाजलं, गोविंद निहलानींची नजर गेली आणि 1983 च्या ‘अर्धसत्य’त आवाज न चढवता धडकी भरवणारा रामा शेट्टी उभा राहिला. फिल्मफेअर मिळालं. आजी मात्र हळहळली, ‘पोर गुणाचं, पण कामं कसली दिलीत त्याला!’

मग 1988 मध्ये श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ सुरू झाली. आजोबांचा तिच्यावर विशेष जीव, कारण मूळ पुस्तक नेहरूंनी 1944 साली आपल्याच भुईकोट किल्ल्यात, कैदेत लिहिलेलं. बेचाळीसच्या ऑगस्टात पुढाऱ्यांना तिथं आणलं, पण आत कोण आहे ते गावाला बरेच दिवस कळलं नव्हतं, असं ते सांगायचे. त्यातलं स्वतःचं किती नि चुलत्यांकडून ऐकलेलं किती, हे त्यांनाही वेगळं काढता आलं नसतं.

अशाच एका रविवारी पडद्यावर जोतीराव फुले आले, अमरापूरकरांच्या रूपात. आजी शेंगोळे वळत होती. हुलग्याच्या पिठानं भरलेले हात तसेच धरून बघत राहिली. ‘अगं, हा तर आपला तात्या!’ मग तिला तिच्या आईनं, की मावशीनं, सांगितलेलं आठवलं: सावित्रीबाई शिकवण्याचे धडे घ्यायला नगरला मिस फॅरारबाईंकडे आल्या होत्या, आणि इथली मुलींची शाळा पाहूनच जोतीरावांनी पुण्यात तशी शाळा काढायचं मनात घेतलं. पुस्तक नगरचं, प्रेरणा नगरची, नटही नगरचा! त्या दिवशी रामा शेट्टीला तिनं माफ केलं.

पुढे खलनायक म्हणून त्यांना नाव, पैसा, बक्षिसं सगळं मिळालं. तरी डॉ. लागू, निळू फुले यांच्याबरोबर ते सामाजिक कृतज्ञता निधीसाठी राबले, अंधश्रद्धेविरुद्ध बोलत राहिले. 2014 च्या नोव्हेंबरात मुंबईत गेले. अंत्यसंस्कार नगरलाच झाले. जोतीरावांची भूमिका संपली, पण त्यांचं काम या माणसानं सोडलं नाही. म्हणून आजीसारखंच मीही त्यांना आधी जोतीराव म्हणून आठवतो, मग रामा शेट्टी म्हणून.