पागा आणि प्रपंच : राजर्षी शाहू छत्रपतींचे घरगुती चरित्र

राजर्षी शाहू छत्रपतींच्या राज्यकारभाराविषयी आपल्या समाजाच्या स्मरणिकांतून आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. १९०२ सालचा राखीव जागांचा हुकूम, १९१७ सालचे सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण, राधानगरीचे धरण, मराठा बोर्डिंग या गोष्टी शाळकरी मुलांसही पाठ आहेत. त्यांची पुनरुक्ती करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. हा राजा दरबार उठल्यावर काय करीत असे, त्यास कशाचे वेड होते आणि घरच्या माणसांवर त्याचा जीव कसा होता, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

घोड्याचे वेड आपल्या परभणी जिल्ह्यास अपरिचित नाही. १९९९ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या हिंगोलीस पूर्वी हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेस मार्गशीर्षात घोड्यांचा बाजार भरतो. आमच्या आजोबांची एक पांढरी घोडी होती. पोटच्या पोरापेक्षा तिची बडदास्त अधिक, असे घरातील बायका म्हणत, व त्यात फारशी अतिशयोक्ती नसावी. शाहू महाराजांचे चरित्र वाचताना मला त्या घोडीची आठवण होते, आणि तिच्याबरोबर आणखी एका व्यक्तीचीही होते. तिच्याविषयी पुढे येईलच.

महाराजांचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी झाला. मूळ नाव यशवंतराव. तिसऱ्या वर्षी मातोश्री राधाबाई निवर्तल्या. दहाव्या वर्षी, १७ मार्च १८८४ रोजी, ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि पुढे दोनच वर्षांत वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब यांचेही छत्र हरपले. त्यानंतर राजकोट आणि धारवाड येथे गुरुजनांच्या देखरेखीखाली शिक्षण. घर म्हणून ज्यास म्हणतात ते त्या बालकाच्या वाट्यास आलेच नाही. म्हणूनच की काय, पुढे आयुष्यभर या गृहस्थाने घरच्या माणसांना घट्ट धरून ठेवले, असे मला वाटते.

१ एप्रिल १८९१ रोजी बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. बडोद्याचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट जाता जाता नमूद करतो. पुढील पिढीत तेथील प्रतापसिंहराव गायकवाडांनी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचे मैदान केले, आणि १९४३ सालची पहिली इंडियन डर्बी त्यांच्याच घोडीने जिंकली. कोल्हापूरचे वळण वेगळे होते. शाहू महाराजांचे मैदान म्हणजे खासबागेचा कुस्तीचा आखाडा, आणि त्यांचे घोडे शर्यतीपेक्षा रानात आणि रस्त्यावर दिसत. देह भव्य असूनही ते उत्तम घोडेस्वार होते. गाडीस चार घोडे जोडून ते स्वतः लगाम धरीत. चार जनावरांचे लगाम एका हातात वेगवेगळे सांभाळून वळण घेणे म्हणजे काय, हे ज्याने बैलांची साधी दमणी हाकली आहे त्यास अर्धेमुर्धे कळेल. शिकारीसाठी त्यांचा प्रसिद्ध ‘खडखडा’ असे. त्यावर बसून ते माळरानावर काळविटांच्या मागे जात, आणि पाळलेला चित्ता नेमक्या क्षणी सोडीत.

घोड्यांच्या या पागेतच आपल्या ज्ञातीने लक्षात ठेवावी अशी एक घटना घडली. गंगाराम कांबळे हे पागेत नोकरीस होते. मराठा नोकरांच्या पाण्याच्या हौदास शिवल्याच्या कारणावरून त्यांना बेदम मारहाण झाली. मारणारे आपलेच लोक होते, हे येथे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गंगाराम सोनतळी कॅम्पावर महाराजांकडे गेले. महाराजांनी अपराध्यांना चाबकाची शिक्षा दिली, आणि गंगारामांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढून दिले. ‘सत्यसुधारक हॉटेल’ हे त्याचे नाव. तेथे गाडी थांबवून महाराज सर्वांदेखत चहा घेत, आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही घ्यावयास लावीत. ज्यांचे घोडे गंगारामांनी सांभाळले होते तेच आता त्यांच्या दुकानाचे गिऱ्हाईक झाले. पुष्कळ मानकऱ्यांना तो चहा कडू लागला असेल.

प्रपंचात मात्र या राजास सुख कमीच लाभले. कन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब यांचा विवाह १९०८ साली देवासच्या तुकोजीराव पवारांशी झाला. तो संसार टिकला नाही आणि त्या कोल्हापुरास परत आल्या. त्यांचेच चिरंजीव पुढे १९४७ साली शहाजी छत्रपती म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले. पुत्र दोन, राजाराम आणि शिवाजी. धाकटे प्रिन्स शिवाजी यांचा विवाह जून १९१७ मध्ये सासवडच्या जगताप घराण्यातील इंदुमतीदेवींशी झाला. वधूचे वय अकराच्या आत होते.

लग्नास जेमतेम वर्ष लोटले. १२ जून १९१८ रोजी प्रिन्स शिवाजी रानडुकराच्या शिकारीस गेले असता घोड्यावरून पडून मृत्यू पावले. ही शिकार मोठी धोक्याची. एका हातात भाला, दुसऱ्या हातात लगाम, घोडा भरधाव आणि जमीन खाचखळग्यांची. डुकराने एकाएकी दिशा बदलली की घोडाही त्यामागे वळतो, आणि स्वाराचा तोल गेला तर सावरावयास उसंत मिळत नाही. वय अवघे एकोणीस. ज्या घोड्यांवर बापाने आयुष्यभर प्रेम केले, त्यांच्याच पाठीवरून मुलगा गेला. या आघातानंतर महाराज खचले, आणि पुढे चारच वर्षे जगले.

मात्र घरात अकरा वर्षांची एक विधवा मुलगी होती. तिचे काय करावयाचे? विधवा पुनर्विवाहाचा कायदा महाराजांनी स्वतःच १९१७ साली आपल्या संस्थानात केला होता. मग स्वतःच्या सुनेचा पुनर्विवाह त्यांनी का केला नाही, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो गैर म्हणता येणार नाही. राजघराण्याची रूढी त्यांच्याकडूनही तेथे तुटली नाही, एवढे मान्य करावे लागेल. पण त्यांनी जे केले तेही त्या काळी लहान नव्हते. घरातील विरोधास न जुमानता त्यांनी इंदुमतीदेवींच्या शिक्षणाची व्यवस्था राजवाड्यापासून दूर, सोनतळीस केली. सोबतीस निरनिराळ्या जातींच्या मुली ठेवल्या. पुस्तकांबरोबर बंदूक चालविणे आणि मोटार हाकणे हेही त्यांना शिकविण्यात आले. घोड्यावर बसणेही शिकविले. मुलगा ज्या रीतीने गेला ती आठवण ताजी असता सुनेस घोड्यावर बसविणाऱ्या सासऱ्याच्या मनाची कल्पना करवत नाही. इतर सर्व हुकूम आणि कायदे एका बाजूस ठेवून मी या एका गोष्टीसाठी त्यांस थोर म्हणेन.

आता ती दुसरी व्यक्ती. आमच्या आजोबांची धाकटी बहीण साधारण इंदुमतीदेवींच्याच वयाची, आणि तशीच लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू. १९१८ सालीच हैदराबादेस उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, पण निजामाच्या राज्यातील आमच्या खेड्यात मराठी मुलीस शाळा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. आजोबा निर्दय नव्हते. बहिणीस त्यांनी कधी उणा शब्द बोलल्याचे कोणी सांगत नाही. पण घोडीचा दाणा स्वतः तपासून पाहणाऱ्या त्या माणसास बहिणीच्या हाती पाटी द्यावी असे एकदाही सुचले नाही. आत्याआजी उभा जन्म दळणकांडण करून गेली. मी शिक्षक झालो तेव्हा तिने माझ्या हातातील हजेरीपट उलटा धरून बराच वेळ पाहिला होता.

६ मे १९२२ रोजी मुंबईस महाराजांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठेचाळीसही पुरते नव्हते. सुनेचे शिक्षण अर्ध्यावर होते. ते थांबले नाही. १९२५ साली इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या. पुढे त्यांनी कोल्हापुरात स्त्रियांसाठी ‘ललितविहार’ ही संस्था काढली, आणि १९७१ साली त्या निवर्तल्या.