मोहल्ल्याची शाळा, गावची शाळा

द्रोणागिरी नोडमध्ये राहायला आलेल्या मुस्लिम पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: पोराला उर्दू शाळेत घालू, मराठी की इंग्रजी? मग तुलना सुरू होते. इमारत कुठली चांगली, फी किती, रिक्षा कुठपर्यंत जाते. एकाच तालुक्यात सरकारी शाळांची अशी वाटणी झाली कशी, हे सहसा कुणी विचारत नाही. त्यासाठी १८८२ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी हंटर आयोग देशभरच्या शिक्षणाची चौकशी करत होता. पनवेल आणि उरण तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, कुलाब्यात आले १८८३ मध्ये. आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं, आणि मुसलमान या शाळांपासून लांब राहतात, त्यांना मराठीची ओढ दिसत नाही, असंही नोंदवलं. पुण्याकडे पाहून ते खरं असेल. आपल्या किनाऱ्यावर गोष्ट जरा वेगळी होती. कोकणी मुसलमानाच्या चुलीपाशी बोलली जाणारी भाषा मराठीचीच बोली. आजही पनवेल-उरणच्या खेड्यांतल्या आमच्या म्हाताऱ्या बायका भांडतात त्या भाषेत उर्दू फार थोडी सापडेल.

आयोगाने मुसलमानांसाठी वेगळ्या शिफारशी केल्या. प्राथमिक शाळेत त्यांना हिंदुस्थानीतून, म्हणजे आपल्या उर्दूतून शिकवावं, पण एखाद्या ठिकाणच्या मुस्लिम समाजाला दुसरी भाषा हवी असेल तर ती चालेल. ही सूट फार कमी लोकांना माहीत आहे. दुसरी शिफारसही लक्षात ठेवण्यासारखी: जिथे सरकारी कामकाजाची देशी भाषा हिंदुस्थानी नाही, तिथे ती भाषा या शाळांत ऐच्छिक विषय म्हणून ठेवावी. म्हणजे आपल्याकडे मराठी ऐच्छिक. ती सक्तीची करणारा कायदा महाराष्ट्राने केला २०२० मध्ये. मधली एकशे अडतीस वर्षं मोजून घ्या.

कोकणाने त्या सुटीचा फारसा फायदा घेतला नाही. मोठ्या मुस्लिम वस्तीत उर्दू शाळा झाली, बाकी गावांत मराठी. याला नुसती चूक म्हणायला मी तयार नाही. मोहल्ल्यात उर्दू शाळा होती म्हणूनच कित्येक घरांतल्या मुली चौथी-सातवीपर्यंत तरी पोचल्या. गावाबाहेरच्या शाळेत त्यांना कुणी पाठवलंच नसतं. पण त्याच मुलींना पुढे तलाठ्याकडचा अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागला, हेही खरं. जनगणनेत मातृभाषा उर्दू सांगायची, बाजारात मराठी बोलायची आणि लिहायची वेळ आली की पेन दुसऱ्याच्या हातात द्यायचं, असं आपलं चाललं.

मालकही बदलत गेले. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्ड आणि नगरपालिकांकडे गेल्या, १९६२ मध्ये ग्रामीण शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. त्यामुळे बोकडवीरा, फुंडे, पाणजे, नवघर, पागोटे या गावांत झेडपीच्या मराठी शाळा, आणि शहराचा कारभार वेगळा. पनवेल महानगरपालिका २०१६ मध्ये झाली, तरी तिच्या हद्दीतल्या झेडपी शाळांच्या हस्तांतरणाचा प्रश्न कित्येक वर्षं रेंगाळला. छप्पर गळलं तर अर्ज कुणाकडे द्यायचा, हा तिथे खरंच प्रश्न होता.

मग जमीन गेली. सिडको १९७० ची. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी उठले, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क मिळाला. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. आज द्रोणागिरीत ज्या इमारतींत आपण भाड्याने राहतो, त्यांतल्या बऱ्याच त्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. नोडमध्ये शाळांसाठीही भूखंड राखलेले असतात, पण ते मुख्यतः खासगी संस्थांना मिळतात. तिथे फी आली, आणि माध्यम बहुतेक इंग्रजी. फी परवडत नसेल तर उरतात त्या जुन्याच दोन शाळा: गावची मराठी आणि शहरातली उर्दू.

त्यांची तुलना करायची तर फरशी आणि रंग बघू नका, शिक्षक मोजा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक. पट घसरलेल्या गावच्या शाळेत म्हणून दोन माणसं पाच वर्ग सांभाळतात, त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. उर्दू शाळेचं दुखणं आणखी वेगळं: आरक्षित पदांसाठी उर्दू माध्यमाचे उमेदवारच मिळत नाहीत, आणि पद कागदावर राहतं. उर्दू शाळा कमजोर का, असं विचारणाऱ्यांनी आधी हे पाहावं. मुलांची अक्कल किंवा समाजाची अनास्था नंतर.

मला विचाराल तर, नोकरी करणारे आई-वडील नोडमध्ये राहत असतील आणि गावच्या मराठी शाळेत शिक्षक पुरेसे असतील, तर पोराला तिथे घाला. उर्दू लिपी घरी किंवा मकतबात वर्षभरात येते. पण मोहल्ल्यात राहणाऱ्या, एकटी पाठवता न येणाऱ्या मुलीसाठी उर्दू शाळाच बरी, फक्त तिथे मराठीचा तास रोज होतो का, ते वहीत बघा. वेळापत्रकावर तो असतोच.