पत्रिकेतला सर्प आणि कणकेचा नाग

त्र्यंबकेश्वरला काळसर्पाची शांती करायला येणारा प्रारब्धवादी, आणि अस्तित्ववाद म्हणजे युद्धाने पोळलेल्या पॅरिसचे खूळ, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. कर्मसिद्धान्ताच्या देशात अस्तित्ववादी सार्त्र कशाला, हा प्रश्नही त्यातलाच. मला दोन्ही समजुती कच्च्या वाटतात.

आधी काळसर्प. सूर्यापासून शनीपर्यंतचे सातही ग्रह राहू-केतूच्या एकाच बाजूला आले की हा योग होतो. आता गंमत पाहा. चंद्र सोडून बाकीचे सहा एका बाजूला जमले असतील, तर चंद्र ती बाजू ओलांडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन आठवडे, जन्मणारे प्रत्येक मूल काळसर्पाचे; लासलगावचे तसेच लिस्बनचे. पराशर-वराहमिहिरांकडे हा योग नाही, असे कित्येक ज्योतिषीच सांगतात. एवढ्या सरसकट योगावर एका मुलाच्या रखडलेल्या लग्नाचे खापर कसे फोडायचे?

यावर हुशार मंडन असे, की शांती करणारा हातावर हात धरून बसत नाही, काहीतरी करतोच. मान्य. सार्त्रचा मुद्दा तरी दुसरा काय आहे? 1945 च्या पॅरिसमधल्या व्याख्यानात त्याने एका विद्यार्थ्याची हकिगत सांगितली. भाऊ युद्धात मारला गेलेला, आई एकटी. तिच्यापाशी राहावे की मुक्तिसेनेत जावे, हा पेच. तू स्वतंत्र आहेस, निवड कर, एवढेच सार्त्र म्हणाला. शिवाय सल्लागार निवडतानाच सल्ला बराचसा निवडलेला असतो, हेही त्याने दाखवले. त्र्यंबकची बस धरणाऱ्यानेही निवड केलेलीच असते. सही मात्र तो राहूची घेतो. सार्त्र याला आत्मवंचना म्हणतो.

त्याच गावातला नागबळी मला वेगळा वाटतो. तीन दिवसांच्या नारायण-नागबळीत कणकेचा नाग करतात आणि त्याला माणसासारखा अग्नी देतात. मुळात तो नाग मारल्याच्या पापाचा विधी. म्हणजे कोणीतरी काठी उचलली होती, हे आधी कबूल करायचे. आज तो संततीसाठी आणि पूर्वजांच्या नावानेही होतो, ते सोडा. प्रायश्चित्ताला कृत्य लागते, काळसर्पाला जन्मवेळ पुरते. हा फरक परंपरेच्या पोटातच आहे, त्यासाठी सार्त्रची वाट पाहावी लागली नाही.

जन्माने काहीच लादले जात नाही, असे अस्तित्ववादही म्हणत नाही. निवृत्तिनाथांवर 'संन्याशाचे पोर' हा शिक्का होता. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तरी मुलांच्या मागची शुद्धिपत्राची कटकट सुटली नाही. परंपरा सांगते, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, घरच्यांची ताटातूट झाली आणि निवृत्तिनाथ गहिनीनाथांच्या गुहेत शिरले. वाघ त्यांनी निवडला नव्हता. पण तिथे मिळालेले ज्ञान धाकट्या भावाला, ज्ञानेश्वरांना, द्यायचे, हे त्यांनी ठरवले; 1290 ची ज्ञानेश्वरी त्या ठरवण्याचे फळ. एखादा ज्योतिषी याचेही श्रेय एखाद्या ग्रहाला देईल, पण तो ग्रह त्याला फळ दिसल्यावरच सापडेल.

त्र्यंबकला जरूर जा. कुशावर्तात स्नान करा, निवृत्तिनाथांच्या समाधीवर डोके ठेवा. पत्रिका मात्र घरीच राहू द्या.