दप्तरांचे स्थलांतर आणि जोडणीची मूल्ये : धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासावरून एक विवेचन

एका राजवटीचे दप्तर दुसरीच्या ताब्यात जाते तेव्हा कागद जातात. ते कागद वाचण्याची किल्ली त्यांच्याबरोबर जातेच असे नाही. हा प्रश्न महसुली इतिहासाच्या अभ्यासकास नित्याचा आहे. संगणकशास्त्रात तोच प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहतो. अनेक डेटाबेसमधून माहिती घ्यावयाची, तिचे रूप बदलावयाचे आणि ती दुसऱ्या डेटाबेसमध्ये भरावयाची, अशा कामाचा प्रकल्प प्रथम रचनाकाराच्या यंत्रावर तयार होतो, मग चाचणीच्या सर्व्हरवर जातो आणि शेवटी प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरवर चालू होतो. या तीन परिसरांत प्रकल्पाचे तर्कशास्त्र एकच असते. बदलतात ती जोडणीची मूल्ये, म्हणजे सर्व्हरचा पत्ता, डेटाबेसचे नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड. स्थलांतराच्या वेळी काय बरोबर न्यावे आणि काय मागे ठेवावे, याचा विचार धाराशिव जिल्ह्याच्या उदाहरणावरून करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे उदाहरण सहेतुक निवडले आहे. या जिल्ह्याच्या कारभाराची स्थलांतरे गेल्या पावणेदोनशे वर्षांत वारंवार झाली. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड व रायचूर दुआब यांच्याबरोबर धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला, आणि त्यानंतर काही वर्षे नळदुर्गचा कारभार मेडोज टेलर यांनी पाहिला. १८६० मध्ये हा मुलूख निजामास परत मिळाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी नळदुर्ग हे जिल्ह्याचे नाव मागे पडून उस्मानाबाद हे नाव रूढ झाले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग झाला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा निघाला, आणि २०२३ मध्ये जिल्ह्याचे धाराशिव हे नाव अधिकृत झाले.

या स्थलांतरांत १९५६ चे आपल्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. संस्थानी दप्तरांतील कित्येक गोष्टी कागदावर लिहिलेल्या नसून त्या कागदाभोवतीच्या कारभारात गृहीत धरलेल्या होत्या. सन फसली होता. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९०७-०८ चा. फसली सनात ५९० मिळवावेत की ५९१, हे महिना पाहिल्यावाचून सांगता येत नाही. नाणे हाली सिक्क्याचे होते, आणि त्याचा ठरलेला दर सात हाली रुपयांस सहा कलदार असा होता. समजा, एखाद्या जुन्या नोंदीत आकार ‘३५’ एवढाच लिहिलेला आहे. संस्थानातील कारकुनास तो हाली आहे हे सांगावे लागत नसे. तीच नोंद कलदाराच्या सवयीच्या कारकुनाने जशीच्या तशी उतरून घेतली, तर तीस रुपयांचे पस्तीस होतात. आकडा शुद्ध, बेरीज शुद्ध, अक्षर सुवाच्य. चूक मात्र कोठेही ओरडून आपले अस्तित्व सांगत नाही.

संगणकावरील प्रकल्पांतही प्रारंभी हेच घडले. सर्व्हरचा पत्ता व पासवर्ड कार्यक्रमाच्या पोटातच लिहिण्याची रीत होती, आणि परिसर बदलला की कार्यक्रमच दुरुस्त करावा लागे. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी ही जोडणीपद्धती पुढे आणली. तिच्यात कार्यक्रमाने स्रोताचे केवळ नाव घ्यावे आणि त्या नावामागचा पत्ता यंत्रावर स्वतंत्र नोंदलेला असावा, अशी सोय झाली. पुढे सनोप्सिस या फ्रेंच कंपनीच्या साधनाने, जे २००६ मध्ये ऑरॅकलने घेतले, हा भेद अधिक काटेकोर केला. प्रकल्पात तार्किक स्रोताचे नाव असते. प्रत्येक परिसरात त्या नावास कोणता प्रत्यक्ष डेटाबेस जोडलेला आहे, हे वेगळ्या संदर्भयादीत असते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर इंटिग्रेशन सर्व्हिसेसनेही २०१२ च्या आवृत्तीत अशी मूल्ये सर्व्हरवरील सूचीत परिसरनिहाय ठेवण्याची व्यवस्था केली.

पासवर्डाची गोष्ट थोडी निराळी आहे. शेवटी उल्लेखिलेल्या साधनात मुळातच ठरलेली रीत अशी की, गुप्त मूल्ये रचनाकाराच्या स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद व्हावीत. परिणामी प्रकल्प दुसऱ्याच्या यंत्रावर नेला की ती उघडत नाहीत आणि काम अडते. पुष्कळांस हा जाच वाटतो. वस्तुतः तो उपकार आहे, कारण अडलेले काम निदान दिसते. खरा धोका आहे तो न अडणाऱ्या कामाचा. चाचणीसाठी चालविलेल्या प्रकल्पात प्रत्यक्ष कामाच्या डेटाबेसचा पत्ता राहून गेला, तर चाचणीच्या खोट्या नोंदी खऱ्या फेरफारांत मिसळतात, आणि प्रकल्प ‘यशस्वी’ असा शेरा देऊन थांबतो. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ज्या कागदावर शेतकऱ्याचे कर्ज, वाटणी आणि खटला अवलंबून असतो, त्याच्यामागील नोंदीत अशी भेसळ झाल्यास तिचा भार ती करणाऱ्यावर न पडता खातेदारावर पडतो.

एवढ्यावरून ‘जे जे बदलते ते ते प्रकल्पाबाहेर काढावे’ असा सरसकट नियम सांगण्याचा मोह होतो. आमच्या मते तो नियम अपुरा आहे. हाली सिक्क्याचा दर हा परिसराचा गुण नव्हे. तो मूळ नोंदीचा गुण आहे. ती नोंद चाचणीच्या सर्व्हरवर वाचली काय किंवा प्रत्यक्ष सर्व्हरवर वाचली काय, सातास सहा हाच दर लागू होणार. जुन्या मजकुराची संकेतप्रणाली तशीच. जुन्या फाँटांत टंकलेला मराठी मजकूर कोणत्या संकेतांत आहे, हे त्या मजकुराबरोबरच गेले पाहिजे. ते परिसराच्या यादीत टाकले तर एका सर्व्हरवर मराठी आणि दुसऱ्यावर प्रश्नचिन्हांच्या रांगा, असा प्रकार घडतो. उलट पत्ता आणि पासवर्ड हे निव्वळ स्थळाचे. माहितीचे ते माहितीबरोबर जावे, स्थळाचे ते स्थळीच राहावे. १९५६ च्या स्थलांतराची अडचण नेमकी ही होती की, जे माहितीचे होते, म्हणजे सन, नाणे व लिपी, तेच कारकुनांच्या स्मरणात मागे राहण्याजोगे होते. तिची किंमत आजही चुकती होत आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध आरंभला, तेव्हा निजामकालीन उर्दू व मोडी कागद वाचणाऱ्यांची गरज भासली, ती याचमुळे.

तार्किक नाव निवडतानाही हीच सावधगिरी हवी. २०२३ च्या नामांतरानंतर वाहननोंदणीचा एमएच-२५ हा संकेत होता तसाच राहिला, कारण तो नावावरून घडविलेला नव्हता. २०११ च्या जनगणनेतील जिल्ह्याचा ५२५ हा क्रमांकही नावावर अवलंबून नाही. रेल्वे स्थानकाचा यूएमडी हा संकेत मात्र जुन्या नावाशी बांधलेला होता, आणि २०२५ मध्ये स्थानक धाराशिव झाले तेव्हा तो बदलून डीआरएसव्ही करण्यात आला. नावच ओळख म्हणून वापरणाऱ्या डेटाबेसमध्ये ‘उस्मानाबाद’ व ‘धाराशिव’ हे दोन जिल्हे भासू लागतात.

याहून कठीण प्रकार १९८२ चा होय. १९७१ च्या जनगणनेत उस्मानाबाद जिल्हा आहे आणि १९९१ च्या जनगणनेतही तो आहे. नाव तेच, परंतु मधल्या काळात लातूर निघून गेल्याने त्या नावाखालचा मुलूख तो नव्हे. दोन्ही आकडे शेजारी मांडून लोकसंख्येचा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याची चूक, आणि जुन्याच नावाखाली वेगळ्या डेटाबेसला जोडल्या गेलेल्या प्रकल्पाची चूक, या एकाच जातीच्या होत. नाव बदलले तर शोध लागतो. नाव तेच राहून अर्थ बदलला तर तो लागत नाही.

म्हणून प्रकल्पाच्या प्रत्येक स्थलांतराबरोबर दोन याद्या असाव्यात असे आम्हांस वाटते. पहिलीत मूळ माहितीचे गुण असावेत : सन, एकक, संकेतप्रणाली, आणि जिल्ह्याचे नाव कोणत्या तारखेच्या सीमांचे, हे. ती प्रकल्पाबरोबर जावी. दुसरीत परिसराची मूल्ये असावीत. ती त्या त्या सर्व्हरच्या व्यवस्थापकापाशीच राहावी आणि प्रकल्पाच्या प्रतीत कधीही उतरू नये. काम सुरू होण्यापूर्वी प्रकल्पाने आपण कोणत्या डेटाबेसला जोडलो आहोत ते विचारून घ्यावे, आणि उत्तर अपेक्षेप्रमाणे नसल्यास एकही नोंद न लिहिता थांबावे. दप्तर उघडण्यापूर्वी त्यावरील शिक्का पाहण्याची जुनी रीत याहून फारशी वेगळी नव्हती.